घरची तसबीर घरच्या हाती

भिंतीवर तसबीर लावावयाची तर आपल्या वाडवडिलांना तीन वस्तू पुरत असत : फोटो, काचेची चौकट आणि खिळा. या तिन्ही एकदा घरात आल्या की घरच्या होत. पुढे फोटो काढणारा स्टुडिओ बंद पडो, काच बसवून देणारा कारागीर गाव सोडून जावो, ओटीवरच्या पणजोबांना त्याची काही झळ पोहोचत नसे. आज अनेक घरांत त्या तसबिरीच्या जागी विजेवर चालणारी डिजिटल फ्रेम आली आहे. एकाच चौकटीत शेकडो फोटो एकामागून एक दिसतात, हा तिचा मोठाच गुण. परंतु बाजारातील पुष्कळ फ्रेमांना एक जादा गोष्ट लागते, आणि ती म्हणजे कोठल्या तरी दूरच्या कंपनीची चालू सेवा. ती सेवा थांबली की फ्रेम भिंतीवर राहते आणि तिच्यातील माणसे नाहीशी होतात. ही जादा गोष्ट टाळून फ्रेम कशी लावता येईल, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे. विषय लहान दिसतो खरा. पण घरच्या आठवणी कोणाच्या ताब्यात असाव्यात, हा त्यामागचा प्रश्न लहान नाही.

फ्रेम म्हणजे काय?

डिजिटल फ्रेम ही मुळात साधी वस्तू आहे. तिचे तीन भाग असतात : चित्र दाखविणारा पडदा, फोटो साठविणारी मेमरी, आणि त्या मेमरीतील फोटो वाचून पडद्यावर आणणारा एक लहानसा संगणक. यांपैकी एकाही भागाला आपले काम करण्यासाठी इंटरनेट लागत नाही.

इतिहासही हेच सांगतो. डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेतील कोडॅक कंपनीचा तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने हातात धरण्याजोगा पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते, आणि एक चित्र अवघ्या १०,००० ठिपक्यांचे असे. ते साध्या कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. मग ती कॅसेट दुसऱ्या यंत्रात घालून चित्र टेलिव्हिजनच्या पडद्यावर पाहावयाचे. म्हणजे साठवण हातात, पडदा समोर आणि मध्ये तिसरा कोणी नाही, अशी त्या पहिल्या डिजिटल फोटोची व्यवस्था होती. मेमरी कार्डावर चालणारी फ्रेम ही तीच व्यवस्था होय. कॅसेटच्या जागी टपालाच्या तिकिटाएवढे कार्ड आले, इतकेच.

मग हा तिसरा मध्ये आला कसा? तो सोयीसाठी आला. इंटरनेटला जोडणारी फ्रेम घेतली की बहुधा फोनवर कंपनीचे ॲप घ्यावयाचे, आपले नाव नोंदवावयाचे आणि मग फोटो पाठवावयाचा, असा क्रम असतो. फोनमधून निघालेला फोटो आधी कंपनीच्या यंत्रांवर जाऊन उतरतो आणि तेथून फ्रेममध्ये येतो. फोन आणि फ्रेम एकाच खोलीत असली तरी पुष्कळदा हा प्रवास चुकत नाही. या दूरच्या साठवणीला 'क्लाऊड', म्हणजे ढग, असे नाव पडले आहे. नाव मोठे फसवे आहे. आकाशातला ढग कोणाच्या मालकीचा नसतो. या कोठाराला मात्र मालक असतो, त्याचे नियम असतात, बहुधा भाडेही असते. आणि मालकाच्या मनात आले की त्याला टाळे लागू शकते.

ही नुसती भीती नव्हे. याहू कंपनीने आपली फोटो साठविण्याची सेवा २००७ मध्ये बंद केली. कोडॅकच्या 'कोडॅक गॅलरी' या सेवेचे साडेसात कोटींहून अधिक ग्राहक होते. कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि जुलै २०१२ मध्ये तीही सेवा मिटली. गूगलने 'पिकासा' २०१६ मध्ये गुंडाळले. 'गूगल फोटोज'मधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली. आणि फ्रेमशी थेट संबंध असलेली घटना ३१ मार्च २०२५ ची : त्या दिवसापासून गूगलने आपले नियम बदलले आणि इतर कंपन्यांच्या अनेक फ्रेमांना गूगलवरील अल्बम आपोआप वाचण्याची जी वाट होती ती बंद झाली. फ्रेम बिघडली नव्हती, फोटोही हरवले नव्हते. दोहोंमधला दरवाजा तेवढा तिसऱ्याने लावून घेतला.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यांतील बहुतेक प्रसंगी कंपन्यांनी ग्राहकांना आगाऊ सूचना दिली होती आणि फोटो उतरवून घेण्यास मुदतही दिली होती. शिवाय क्लाऊडचा उपयोगही आहे. नातू शिकागोत आणि आजी साताऱ्यात असली, तर नातवाने काढलेला फोटो आजीला लगेच दिसावा यात वाईट काय? म्हणून आमचे म्हणणे सरसकट विरोधाचे नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, टपाल दुसऱ्याचे चालेल, पण कोठार आपले हवे. फोटो पोहोचविण्यापुरती परक्या यंत्राची मदत घ्यावी. मूळ प्रत मात्र घरच्या कपाटात असावी आणि फ्रेम तिच्यावरून चालावी. पुढील सारी मांडणी या एका नियमावर आहे.

फ्रेम घेताना

दुकानात फ्रेम पाहताना प्रथम तिला मेमरी कार्डाची खाच किंवा पेन ड्राइव्ह लावण्याची जागा आहे का ते पाहावे. मग आपलेच दहा-वीस फोटो असलेले कार्ड तिला लावून, वायफाय न जोडता आणि कोठेही नाव न नोंदविता, फोटो दिसतात का हे दुकानदारासमोरच पाहून घ्यावे. ही एक परीक्षा शंभर जाहिरातींच्या तोडीची आहे. त्यानंतर चालू फ्रेमची वीज तोडून पुन्हा जोडावी. वीज येताच फोटो आपोआप सुरू झाले तर ठीक. दर वेळी कोणी बटण दाबावे लागत असेल, तर वीज जाण्याची सवय असलेल्या गावात ती फ्रेम चार दिवसांत बंद पडून राहील.

पडद्याचा आकारही पाहावा. फोनचे फोटो बहुधा ४ : ३ या प्रमाणात असतात, तर पुष्कळ फ्रेमा १६ : ९ किंवा १६ : १० प्रमाणाच्या, म्हणजे अधिक लांबट असतात. अशा पडद्यावर फोटोच्या दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या तरी येतात, नाही तर पडदा भरण्याच्या नादात माणसांची डोकी कापली जातात. घरात जुने समूहफोटो अधिक असतील तर ही गोष्ट विसरू नये. विजेच्या खर्चाची भीती मात्र नको : फ्रेम १० वॉटची धरली आणि रोज १४ तास चालविली, तरी महिन्याला साधारण चार युनिटच होतात.

फोटोंची तयारी

फ्रेम लावण्याचे खरे काम फोटोंच्या तयारीत आहे. सर्वांत आधी निवड. प्रत्येक फोटो १५ सेकंद दिसला तर तासात २४० फोटो होतात. कार्डावर ५,००० फोटो भरले तर एक फेरी पुरी होण्यास जवळजवळ २१ तास लागतील. लग्नातला तो एक फोटो पाहण्यासाठी आजीला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागेल. याउलट ३०० फोटो सव्वा तासात फिरतात. म्हणून दोन-तीनशे फोटोंचा एक संच करावा आणि सणावाराला तो बदलावा, हे उत्तम.

दुसरी गोष्ट फोटोच्या जातीची. फोटो साठविण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी १९९२ मध्ये प्रमाण ठरलेली जेपेग ही पद्धत जवळजवळ प्रत्येक फ्रेमला वाचता येते. परंतु आयफोन २०१७ पासून बहुधा हाइक नावाच्या नव्या पद्धतीने फोटो साठवितो, आणि साध्या फ्रेमला ती समजत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तेथे 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय निवडला की पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतात. आधीचे संगणकावर बदलून घ्यावे लागतात. जेपेगमध्येही एक 'प्रोग्रेसिव्ह' नावाचा पोटप्रकार आहे, जो काही फ्रेमांना दिसत नाही. एखादाच फोटो कोरा येत असेल तर तो संगणकावर उघडून साध्या जेपेगमध्ये पुन्हा साठवावा.

तिसरी गोष्ट आडव्या-उभ्याची. फोन उभा धरून काढलेला फोटो फ्रेमवर आडवा झोपलेला दिसतो, ही तक्रार आपण ऐकली असेल. त्याचे कारण असे की, फोन पुष्कळदा चित्र आहे तसेच साठवितो आणि 'हे फिरवून दाखवावे' अशी चिठ्ठी फोटोबरोबर जोडतो. काही फ्रेमा ती चिठ्ठी वाचतच नाहीत. संगणकावर फोटो खरोखर फिरवून साठविला म्हणजे चिठ्ठीची गरज उरत नाही.

चौथी गोष्ट आकाराची. ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके; १२८० गुणिले ८०० चा पडदा म्हणजे सुमारे दहा लाख. पडदा जे दाखवूच शकत नाही ते फ्रेमला वाचावयास लावले की ती अडखळते. म्हणून फ्रेमसाठी लांब बाजू १९२० ठिपके राहील अशी लहान प्रत करावी. अशी एक प्रत अर्ध्या एमबीची धरली, तर हजार फोटो अर्ध्या जीबीत बसतात. परंतु हे ध्यानात असू द्या की लहान करावयाची ती प्रत. मूळ फोटोला हात लावू नये.

शेवटी नावे. अनेक फ्रेमा फाइलच्या नावाच्या क्रमाने फोटो दाखवितात. ०००१, ०००२ असे चार अंकी आकडे नावाच्या आरंभी दिले की क्रम आपल्या मनासारखा राहतो. देवनागरी नावे सर्वच फ्रेमांना वाचता येत नाहीत. म्हणून फाइलला आकडा द्यावा आणि कोणत्या आकड्याच्या फोटोत कोण, कोठे, कोणत्या साली, हे एका वहीत लिहून ठेवावे. जुन्या फोटोंच्या बाबतीत ही वही फ्रेमपेक्षाही मोलाची आहे. माणसे ओळखणारे वडीलधारे घरात आहेत तोवरच ती लिहून होईल.

कागदी फोटो फ्रेममध्ये आणावयाचे असल्यास ते स्कॅन करावेत. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला इंचामागे ३०० ठिपके पुरतात. पासपोर्टच्या आकाराच्या लहान फोटोला ६०० तरी घ्यावेत. स्कॅनर नसेल तर फोटो काचेतून बाहेर काढून, खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात, फोन अगदी समांतर धरून टिपावा. चिकटलेला फोटो मात्र ओढून काढू नये. तो काचेसकट टिपलेला बरा.

तीन वाटा

आता प्रत्यक्ष मांडणी. तिच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट कार्डाची, आणि बहुतेक घरांना तीच पुरेल. ३२ जीबीपर्यंतचे कार्ड घ्यावे. हा आकडा सांगण्याचे कारण असे की, त्याहून मोठी कार्डे एक्सफॅट नावाच्या मांडणीत येतात, आणि साध्या फ्रेमांना बहुधा जुनी फॅट-३२ हीच मांडणी वाचता येते. फोटो संगणकावर तयार करावेत, कार्डावर उतरवावेत आणि कार्ड फ्रेममध्ये घालावे, काम संपले. फ्रेम तारेने संगणकाला जोडण्यापेक्षा कार्ड काढून नेणे अधिक बरे. २००८ च्या आरंभी अमेरिकेत बेस्ट बाय या दुकानसाखळीला एका फ्रेमची विक्री थांबवावी लागली होती, कारण कारखान्यातूनच त्या फ्रेममध्ये संगणकाला लागणारा व्हायरस शिरला होता.

दुसरी वाट जुन्या टॅबलेटची. अडगळीत पडलेल्या टॅबलेटमध्ये फोटो तारेने किंवा कार्डाने भरावेत, त्याला एअरप्लेन मोडवर टाकावे, आणि एकामागून एक फोटो दाखविणारे असे ॲप चालवावे की ज्याला फक्त टॅबलेटमधला फोल्डर पुरतो. खर्च जवळजवळ काहीच नाही. सावधगिरी एकच : टॅबलेटमध्ये बॅटरी असते, आणि ती रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवली तर लवकर खराब होते, क्वचित फुगतेही. म्हणून चार्जर ठरावीक वेळच चालू ठेवावा, आणि पाठ फुगलेली दिसताच टॅबलेट वापरातून काढावे.

तिसरी वाट थोड्या हौशी माणसांची. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधील केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने तळहातावर मावणारा एक स्वस्त संगणक विक्रीस आणला. तो जुन्या मॉनिटरला जोडला आणि त्यावर 'फेह' यासारखा विनामूल्य चित्रदर्शक चालविला, की मोठ्या पडद्याची फ्रेम तयार होते. त्यातला एक फोल्डर घरातल्या वायफायवर सर्वांसाठी खुला ठेवता येतो. मग सुनेने आपल्या फोनवरून किंवा मुलाने संगणकावरून त्या फोल्डरमध्ये फोटो टाकला की तो फ्रेमवर येतो.

येथे एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. वायफाय आणि इंटरनेट एकच, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः राउटर दोन कामे करतो : घरातील यंत्रे एकमेकांना जोडणे, आणि त्या सर्वांना बाहेरच्या जगाशी जोडणे. बाहेरची तार तुटली तरी पहिले काम चालूच राहते. वाड्यातल्या वाड्यात निरोप द्यावयास जसे टपालखाते लागत नाही, तसेच हे आहे. मात्र हा फोल्डर बाहेरून दिसेल अशी कोणतीही खिडकी राउटरमध्ये उघडू नये, आणि संगणकाला पासवर्ड दिल्याखेरीज राहू नये.

आता शिकागोच्या नातवाचे काय? त्याने फोटो व्हॉट्सॲपने किंवा ईमेलने पाठवावा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठविला की तो आकसतो आणि त्यात नोंदलेली तारीखही गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविला तर जसाच्या तसा येतो. हा फोटोही कंपनीच्याच यंत्रांवरून येतो, पण येथे ती यंत्रे टपालाचे काम करतात. आठवड्यातून एकदा घरातल्या कोणी तरी तो कोठारात आणि तेथून फ्रेममध्ये घालावा. लगेच दिसण्याची सोय येथे थोडी जाते, हे खरे. एवढी किंमत या व्यवस्थेला द्यावी लागते.

कोठाराची राखण

कोठार आपले म्हटले की राखणही आपलीच. क्लाऊड नाकारावयाचा आणि सारे फोटो एकाच पेन ड्राइव्हवर ठेवावयाचे, हा शहाणपणा नव्हे. मेमरी कार्डात फोटो म्हणजे विजेचे सूक्ष्म भार साठलेले असतात. कार्ड वर्षानुवर्षे नुसते पडून राहिले तर ते भार हळूहळू गळतात. हार्ड डिस्क पडते, बिघडते. फ्रेममधले कार्ड तर कधीच कोठार मानू नये. ते प्रदर्शनापुरते आहे.

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने यासाठी तीन, दोन, एक असा सुटसुटीत नियम सांगितला आहे : फोटोंच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. यातील शेवटचे पद आपल्याकडे विशेष महत्त्वाचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे तशीच पाळी आली. अशा वेळी एकाच कपाटातल्या तीन प्रती एकदमच भिजतात. तेव्हा एक प्रत घरच्या संगणकावर, दुसरी कपाटातल्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवावी, त्यांची आपल्याकडे ठेवून घ्यावी. दिवाळीच्या साफसफाईत या डिस्का एकदा लावून पाहाव्यात, चारदोन फोटो उघडावेत आणि वर्षाचे नवे फोटो त्यांत भरावेत. पाच-सात वर्षांनी जुन्या डिस्केवर विसंबून न राहता फोटो नव्या डिस्कवर उतरवावेत. आणि फारच जिव्हाळ्याचे पन्नास फोटो असतील, ते चांगल्या कागदावर छापूनही घ्यावेत. त्यांना पाहावयास वीजही लागत नाही.

सारांश, फ्रेम कोणत्याही कंपनीची घ्या, वाट तिन्हींपैकी कोणतीही धरा. पण मांडणी पुरी झाली की एक दिवस राउटर बंद करून पाहा. फ्रेमवरची माणसे तशीच दिसत राहिली, तर तसबीर घरची झाली असे समजावे. न दिसली, तर ती अजून भाड्याची आहे, आणि भाड्याची वस्तू केव्हा परत मागितली जाईल हे आपल्या हाती नसते. घरात आजच्या घटकेला जितके फोटो फोनमध्ये पडून आहेत, त्यांतील पंचवीस निवडून एका कार्डावर उतरविणे हे एका संध्याकाळचे काम आहे. आरंभ तेथून करावा.